वडिलांचा वस्तरा, बाभळीची मूठ आणि माझा चुकलेला हिशोब

पाथरीतल्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात धार लावायला विळे, कात्र्या, कोयते रोजच येतात. यंदा उन्हाळ्यात एक मामा जुन्या धोकटीतून वस्तरा घेऊन आले. त्यांच्या वडिलांचा, बलुत्यावर दाढ्या करायचे त्या काळातला. पात्यावर गंज, मूठ तडकलेली, मागे 'शेफिल्ड'चा ठसा. इंग्लंडातलं शेफिल्ड आणि जर्मनीतलं झोलिंगन, वस्तऱ्यांची ही दोन मोठी गावं.

मामा म्हणाले, "मालक, पोराच्या सलूनमध्ये आबांच्या फोटोखाली ठेवायचाय. पण धार पायजे बरं का. पहिली दाढी मी माझीच करणार."

मी तिथंच काउंटरवर बोलून टाकलं, "चारशे द्या मामा." ही चूक लक्षात ठेवा, खाली तिच्याकडे येतो.

आधी पातं तपासा. नखानं टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आला तर भिंग घेऊन भेग शोधा. धारेला भेग असेल तर काम घेऊ नका. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी नाही, कारण ते पातं उद्या कुणाच्या तरी गळ्याला लागणार आहे. मूठ हस्तिदंताची वाटली तरी हात लावू नका. आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे.

मग मूठ सोडवायची. पितळी रिव्हेटचं डोकं कानशीनं घासून सपाट करा आणि बारीक पंचनं हळू ठोकून बाहेर काढा. जुनी मूठ फेकू नका, नव्या मुठीचं माप तीच देते.

गंज हातानंच काढायचा. तेल लावून पाणकागद, आधी ४००, मग ६००, १०००, २०००. मशीनचा मोह आवरा. मी पहिल्यांदा एक वस्तरा बफिंगला लावला होता. काही सेकंदांत धारेवर निळा डाग! पोलाद तेवढं तापलं की त्याचं पाणी उतरतं, मग कितीही घासा, धार टिकत नाही. नशीब तो माझाच होता. अजून एक, ठसा घासून काढू नका आणि खोल खड्ड्यांच्या मागे लागू नका. पातं झिजवून आरशासारखं करण्यापेक्षा दोन काळे ठिपके राहिलेले चांगले.

मुठीला शिसव सुंदर दिसतं, पण मी बाभूळ घेतली. बैलगाडीला, औताला पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं लाकूड आहे, घट्ट आणि चिवट. फक्त पूर्ण वाळलेलं घ्या, ओलं लाकूड नंतर वाकतं. साधारण ३ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून एकत्रच कापा आणि भोकं पाडा, म्हणजे जोडी जुळते. शेपटाकडे मधे एक पाचर बसते. ती निमुळती हवी. पाचर चुकली तर वस्तरा मिटताना धार लाकडाला घासते, आणि सगळी मेहनत वाया. माझ्या दोन पाचरी फुकट गेल्या, तिसरी बसली.

वरून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन-चार पातळ हात. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा.

धार लावताना वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या राहू द्या, पाठच कोन ठरवते. दगड १००० पासून ८००० पर्यंत, शेवटी चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर पाठ पुढे ठेवूनच ओढायचं.

आता हिशोब. मूठ सोडवणं अर्धा तास, गंज अडीच, नवी मूठ तीन, धार दीड. झाले साडेसात तास. माझी मजुरी तासाला १२० धरली तर ९०० रुपये, वर लाकूड, पितळ, कागद १५०. म्हणजे १०५० चं काम मी ४०० ला घेतलं होतं! शब्द दिला होता, चारशेच घेतले. पण दर सांगताना मी पातं उलटूनसुद्धा बघितलं नव्हतं, ही चूक मामांची नाही.

मामा आले. मूठ बघून काही बोलले नाहीत, पण बराच वेळ हातात फिरवत राहिले. मग मनगटाच्या केसांवर वस्तरा लावला आणि म्हणाले, "टोकाला राह्यलंय." खरंच राहिलं होतं. दगड मागितला, दुकानातच बसून पाच मिनिटांत टोक काढलं. मी व्हिडिओ सुरू करायचा विसरलो.

सलूनमध्ये गिऱ्हाइकावर मात्र हा वापरायचा नाही, तिथं दर माणसाला नवं ब्लेडच. हे त्यांनीच मला बजावलं.

आता मी अशा कामाला तपासणीचे १०० रुपये आधी घेतो, काम ठरलं तर बिलात वळते करतो. दर दुसऱ्या दिवशी फोनवर सांगतो.