हवामानाचा इशारा कसा तयार होतो व गावापर्यंत कसा येतो

हवामानाचा अंदाज आणि हवामानाचा इशारा या दोन गोष्टी पुष्कळदा एकच समजल्या जातात. वस्तुतः त्यांत मोठा भेद आहे. उद्या पाऊस पडेल, हा अंदाज होय. अमुक भागात, अमुक वेळेपर्यंत विजा पडण्याचा धोका आहे, तरी उघड्यावर थांबू नये, हा इशारा होय. अंदाज ऐकून मनुष्य छत्री घेतो. इशारा ऐकून त्याने हातचे काम सोडावे अशी अपेक्षा असते. परतीच्या पावसात दुपारनंतर आभाळ भरून येते आणि नेमक्या शाळा सुटण्याच्या सुमारास गडगडाट सुरू होतो. अशा वेळी वाडीवस्तीवरच्या मुलांना सोडावे की थांबवून घ्यावे, हे बहुधा शिक्षकालाच ठरवावे लागते. म्हणून मोबाइलवर येणारा तो चार ओळींचा मजकूर कोठे व कसा तयार होतो, हे त्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

इशाऱ्यातील सर्वांत अवघड बाब म्हणजे स्थळ. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाब्यास मात्र जेमतेम 73 मिलिमीटर. एका शहराची ही गत, तर जिल्ह्याची काय असेल? अहिल्यानगर जिल्ह्याचा विस्तार सुमारे 17 हजार चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेस अकोल्याच्या घाटमाथ्यावर पावसाची झड लागलेली असते, तेव्हा जामखेड-कर्जतकडे शेतकरी ढगांची वाट पाहत असतो. अशा जिल्ह्याला सरसकट एकच इशारा दिला, तर तो निम्म्या लोकांच्या अनुभवास येत नाही. असे दोनचार वेळा घडले की ‘लांडगा आला रे’ या गोष्टीतल्याप्रमाणे लोक त्याकडे काणाडोळा करू लागतात, आणि त्यात त्यांचा दोष आहे असे म्हणता येत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेपुढेही हाच प्रश्न होता. तेथे चक्रीवात व गडगडाटी वादळे यांचे इशारे पूर्वी संपूर्ण ‘काउंटी’ला, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाला, दिले जात. 1 ऑक्टोबर 2007 पासून ती पद्धत बदलली. रडारच्या चित्रावर वादळ जेथे दिसते व ज्या दिशेने सरकते, तेवढ्याच भागाभोवती अधिकारी संगणकाच्या पडद्यावर रेषा ओढतो. आत कोणती गावे येतात ते संगणक शोधतो आणि मजकुराचा मसुदा मांडून देतो. पण तेथेही एक अडचण उरली. अचानक येणाऱ्या वादळासाठी एक सॉफ्टवेअर, नदीच्या पुरासाठी दुसरे आणि दीर्घकाळ चालणाऱ्या धोक्यांसाठी तिसरे अशी व्यवस्था होती. एकाच अधिकाऱ्याला ऐन घाईत एका साधनातून दुसऱ्या साधनात जावे लागे. ही तिन्ही कामे एकाच ठिकाणी व्हावीत म्हणून ‘हॅझर्ड सर्व्हिसेस’ नावाची एकत्रित प्रणाली तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले.

एकत्रीकरणाचा हा खटाटोप केवळ अधिकाऱ्याच्या सोयीसाठी नाही. 22 मे 2011 रोजी मिसूरी राज्यातील जॉप्लिन शहरावर प्रचंड चक्रीवात आदळला व दीडशेहून अधिक माणसे दगावली. इशारा वेळेवर दिला गेला होता; भोंगेही वाजले होते. नंतरच्या चौकशीत असे आढळले की, पहिला इशारा ऐकून बहुतेक लोक लगेच आसऱ्याला गेलेच नाहीत. कोणी दूरदर्शन लावले, कोणी बाहेर येऊन आकाश न्याहाळले. पहिल्या बातमीला दुसरीकडून दुजोरा मिळाल्याशिवाय हालचाल करायची नाही, हा मनुष्यस्वभावच आहे. आता तो दुजोरा शोधताना आकाशवाणी एक सांगते, मोबाइल दुसरे आणि तलाठी तिसरे, असे झाले तर मनुष्य जागचा हलत नाही. सर्व वाटांनी एकच मजकूर जावा यासाठी तो एकाच ठिकाणी लिहिला जाणे आवश्यक असते.

भारतात हे कार्य ‘सचेत’ या प्रणालीद्वारे चालते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी ती सी-डॉट या सरकारी संस्थेने विकसित केली. भारतीय हवामान विभाग पाऊस, वादळ व विजा यांविषयी, केंद्रीय जल आयोग पुराविषयी, तर हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था समुद्राविषयी इशारा त्यात नोंदवते. नोंदीचा साचा ठरलेला आहे. ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’ या नावाने तो 2004 मध्ये प्रथम संमत झाला व अनेक देशांत वापरला जातो. धोका कोणता, किती तातडीचा, किती तीव्र, कितपत खात्रीचा, कोणत्या क्षेत्रात, केव्हा सुरू होऊन केव्हा संपेल व लोकांनी काय करावे, यासाठी त्यात वेगवेगळे रकाने असतात. हजेरीपटाप्रमाणेच, रकाने ठरलेले असल्याने कोणत्याही संस्थेची नोंद दुसऱ्या संस्थेच्या संगणकाला वाचता येते. त्यानंतर राज्याचे प्राधिकरण तो तपासते व प्रादेशिक भाषेत त्या क्षेत्रातील मोबाइलधारकांना पाठवते. लघुसंदेश एकेका क्रमांकाला जातो, म्हणून लाखो लोकांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. मनोऱ्यावरून एकाच वेळी सर्व मोबाइलवर वाजणारा संदेश ही निराळी पद्धत आहे. तिच्या चाचण्या 2023 मध्ये झाल्या, तेव्हा तो मोठा आवाज अनेकांनी ऐकला असेल.

रंगांविषयी थोडे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरविताना धोक्याची शक्यता व त्याचा संभाव्य परिणाम या दोहोंचा विचार होतो. म्हणून पिवळ्या इशाऱ्यानंतर पाऊस झाला नाही, एवढ्यावरून इशारा खोटा ठरत नाही.

या साखळीचा शेवटचा दुवा मात्र संगणकाच्या हाती नाही. डोंगरातल्या पाड्यावर मोबाइलला संपर्क मिळतोच असे नाही, आणि ज्या आजोबांकडे मोबाइल आहे त्यांना मजकूर वाचता येईलच असेही नाही. तेथे दुजोरा मागायला लोक गुरुजींकडे किंवा बाईंकडे येतात. त्यांनी मजकूर वाचून दाखविताना क्षेत्र व समाप्तीची वेळ अवश्य सांगावी, कारण हवामान विभागाचा तात्कालिक इशारा साधारणपणे 3 तासांपुरताच असतो व पुढे नवा येऊ शकतो. विजेच्या बाबतीत, इशारा आलेला नसतानाही, गडगडाट ऐकू आला की मुलांना पक्क्या खोलीत घ्यावे, झाडाखाली उभे राहू देऊ नये, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास उलटल्यावरच घरी सोडावे.