पाणी न अडवणारी भिंत

मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवण्याचा प्रयोग आपण शाळेत करतोच. काही वेळाने खिळ्यावर तांब्याचा थर चढतो, निळा रंग फिका होतो. लोखंड अधिक क्रियाशील असल्याने ते तांब्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देते. हीच क्रिया जमिनीखालच्या दूषित पाण्यावर करता येईल का?

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूरच्या शिक्षकांना हा प्रश्न दूरचा वाटणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या प्रदूषण निर्देशांकात येथील औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात पहिले होते. नाल्यातले सांडपाणी निदान डोळ्यांना दिसते. जमिनीत मुरलेले दिसत नाही.

सेंद्रिय पदार्थ कालांतराने कुजतात, धातू कुजत नाहीत. त्यांचे फक्त रूप पालटता येते. क्रोमियमचेच पाहा. धातूंना मुलामा देताना वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळते आणि कर्करोगकारक आहे. त्याला तीन इलेक्ट्रॉन मिळाले की ते त्रिसंयुजी होते. हे रूप पुष्कळ कमी विषारी असते आणि हायड्रॉक्साइडच्या रूपाने साक्याप्रमाणे खाली बसते. इलेक्ट्रॉन देण्याचे काम लोखंड करते.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एलिझाबेथ सिटी येथे तटरक्षक दलाच्या मुलामा विभागाखालील भूजलात क्रोमेट मिसळले होते. १९९६ साली त्या प्रवाहाला आडवा चर खणून त्यात लोखंडाचे कण भरले. ही भिंत ४६ मीटर लांब, सुमारे ७ मीटर खोल आणि ०.६ मीटर रुंद होती. कणांमधील फटींतून पाणी सहज पार होई. क्रोमियम मात्र मागे राही. पंप नाही, वीज नाही! भूजल अतिशय संथ वाहते, म्हणून क्रियेला पुरेसा वेळ मिळतो.

मग अशी भिंत बोईसरला का बांधू नये? एलिझाबेथ सिटीची जमीन वाळूची, चर खणण्याजोगी होती. पालघरचा बराचसा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. तेथे पाणी भेगांतून वाट काढते. ती वाट नेमकी कळल्याशिवाय भिंत घातली, तर पाणी बाजूने निघून जाईल. शिवाय सर्व धातूंना लोखंड चालत नाही. शिशासाठी फॉस्फेटयुक्त खनिजे वापरतात. गंज आणि क्षार साचून भिंतीच्या फटीही हळूहळू बुजतात.

वर्गात हे दाखवता येईल. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी धरा. तोंडाशी कापूस, वर वाळू व लोहकीस यांचे मिश्रण भरा. मोरचुदाचे सौम्य द्रावण आधी थेंबथेंब, मग भरकन ओता. दोन्ही वेळी खाली आलेल्या पाण्याचा रंग ताडून पाहा. फरक का पडला, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. हे पाणी पिण्याजोगे नाही, कारण तांब्याच्या जागी त्यात लोह उतरलेले असते. ते मोरीत ओतू नका. क्रोमियमची संयुगे तर या प्रयोगासाठी मुळीच घेऊ नका.

शेवटी एक प्रश्न विचारा: वरून निळे द्रावण ओतणे चालूच ठेवले, तर लोहकीस किती दिवस पुरेल? केव्हातरी तो संपणारच. म्हणून पहिले काम सांडपाणी जमिनीत मुरू न देण्याचे, भिंतीचे काम त्यानंतरचे.