गाडी दोन बोटं खाली आणताना

भंडारा जिल्ह्यात करडीच्या बाजूला धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर एखादी जुनी मारुती 800 किंवा पद्मिनी दोन बोटं खाली बसलेली दिसली, तर मान आपोआप वळते. टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट बुजली की जुन्या गाडीलाही रुबाब येतो. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पद्मिनीची सेवा ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, तरी हौशी मालकांनी ती आजही जपली आहे. मात्र गावाकडच्या गाडीला रुबाबाच्या आधी गतिरोधक ओलांडायचा असतो. सुट्या भागांची निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद, मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येचा असतो. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये 2.34 मीटर अंतर आहे. म्हणजे गाडी मधोमध असताना चारही चाकं उंचवट्यावरच असतात, आणि त्यांच्यामधून पोटाकडे येणारा फुगवटा जेमतेम 4 सेंटिमीटरचा भरतो. हाच उंचवटा अर्धा मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर उंच घातला, तर चाकं दोन्ही बाजूंना खाली उतरतात आणि अख्खे 15 सेंटिमीटर पोटाखाली येतात. म्हणून नेहमीच्या वाटेवरचा सर्वात वाईट गतिरोधक आधी मोजावा, तोही घरची पाच माणसं आणि तांदळाचं पोतं गाडीत आहे असं धरून.

गाडी खाली आणायचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे स्प्रिंगचा एक वेढा कापणे. तो टाळलाच पाहिजे. काम करणाऱ्या आठ वेढ्यांपैकी एक गेला की स्प्रिंग सुमारे 14 टक्के कडक होते. एवढं पुरेल असं वाटतं, पण हिशेब वेगळा आहे. समजा, चाकाला वर सरकायला 8 सेंटिमीटर जागा होती आणि गाडी 4 सेंटिमीटर खाली आली. आता उरली निम्मी जागा. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे निम्म्या जागेत तोच धक्का एकट्या स्प्रिंगने झेलायचा, तर ती चौपट कडक हवी. 14 टक्क्यांची वाढ तिथे कुठेच पुरत नाही. चाक बंप स्टॉपच्या रबरावर आदळतं आणि धक्का थेट बॉडीला बसतो. त्यात गॅस कटरने कापली असेल, तर उष्णतेने त्या टोकाच्या पोलादाचा कस जातो. चाक लटकलं की आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटूही शकते.

त्यापेक्षा त्या मॉडेलसाठीच बनवलेली, थोडी आखूड आणि थोडी कडक स्प्रिंग घ्यावी. करडीसारख्या भागात दोन-अडीच सेंटिमीटरवर थांबणं शहाणपणाचं. स्प्रिंग बदलली की शॉकअपही तपासावे लागतात, कारण गाडीची उसळी आवरायची ताकद स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढवावी लागते. स्प्रिंग 30 टक्के कडक असेल, तर शॉकअपचा जोर सुमारे 14 टक्के जास्त हवा. थकलेले जुने शॉकअप तसेच ठेवले, तर प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी होडीसारखी डुलत राहील.

प्रत्येक गाडीची हाडं वेगळी. पद्मिनीला पुढे स्प्रिंग आणि मागे पाटे आहेत. जुन्या अॅम्बेसेडरच्या पुढच्या बाजूला पीळ घेणारी पोलादी दांडी आहे. ती बसवण्याचा कोन बदलला की उंची बदलते, दांडीचा कडकपणा मात्र तोच राहतो. मारुती 800 च्या पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटची गोष्ट सर्वात नाजूक. बॉडी खाली आली की लोअर आर्मचं आतलं टोक खाली जातं आणि आर्म चाकाकडे वर चढतो. त्यामुळे ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली सरकतो. गुरुत्वमध्य उतरूनही गाडी जास्त कलू शकते ती याचमुळे. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोनही बिघडतो आणि खड्ड्यात चाक आपोआप किंचित वळतं. अलाइनमेंट न करता चालवली, तर टायर एका कडेने झिजतो.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. त्यामुळे पैसे मोजण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं.

जोडणीच्या वेळची एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. लोअर आर्मचे रबरी बुश गाडी जॅकवर, चाकं लटकत असतानाच आवळले जातात. मग गाडी जमिनीवर टेकली की प्रत्येक बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी सैल ठेवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, दोन-चार वेळा दाबून नव्या उंचीवर बसू द्यावी आणि मगच पाना फिरवावा.