देवळांची दारं बंद झाली, तर कुंकवाचा कारखाना किती दिवस तग धरेल?

पुण्याहून रेल्वेनं सोलापूरकडे निघालं की कुर्डुवाडीच्या अलीकडे केम नावाचं स्टेशन लागतं. गाव करमाळा तालुक्यातलं. उत्तरेश्वराचं देऊळ इथलंच, पण बाहेरच्यांना केम माहिती आहे ते कुंकवासाठी. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे घराघरात ठाऊक असतं. या लाल रंगावर केममध्ये एक अख्खा धंदा उभा आहे.

आता कॅलेंडर थोडं मागे न्या. 25 मार्च 2020, गुढीपाडवा. त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन सुरू झाला. देवळं त्याच्या काही दिवस आधीच बंद झाली होती. चैत्री वारी झाली नाही. आषाढीला संतांच्या पादुका एसटीनं पंढरपुरात आल्या. नवरात्रातही मंदिरं भाविकांसाठी बंदच होती. दारं उघडली ती 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. एप्रिल 2021 मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबरच्या घटस्थापनेपर्यंत बंद राहिली.

ज्याचं गिऱ्हाईक देवळाबाहेरच्या दुकानात उभं असतं, त्याच्यासाठी याचा अर्थ काय? कारखान्याला आग लागलेली नाही, मशीन शाबूत आहे, गोदामात माल आहे. तरीही धंदा बंद.

अशा वेळी काय करायचं हे आधीच ठरवून ठेवणं म्हणजे ‘बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन’. साध्या मराठीत, गाडा अडला तरी धंदा चालू ठेवायची तयारी. त्यासाठी आयएसओ 22301 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते 2012 साली आलं आणि 2019 मध्ये सुधारलं गेलं. बँका आणि आयटी कंपन्या यावर जाडजूड फायली बनवतात. पाच-सात कामगारांच्या कारखान्याला वहीचं एक पान पुरतं, फक्त ते खरं लिहिलेलं हवं.

त्या पानावरचा पहिला प्रश्न: काय बंद पडलं तर आपण किती दिवस थांबू शकतो? पॅकिंगचं मशीन बिघडलं तर दोन दिवस हातानं पुड्या भरता येतात. पण हळद आलीच नाही तर? इथे सांगलीजवळच्या हरिपूरची आठवण काढायला हवी. तिथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची जुनी पद्धत होती. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि आतली हळद खराब झाली. पूर कृष्णेला आला, पण त्याचा फटका सांगलीहून हळद घेणाऱ्या कुठल्याही गावाला बसू शकतो. म्हणून हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतसारख्या दुसऱ्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याशी आधीच थोडाफार व्यवहार ठेवावा. अडचणीच्या दिवशी पहिल्यांदाच फोन करणाऱ्याला उधारी कोण देणार?

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि बहुतेक छोटे धंदे इथेच बसतात. समजा, एका कारखान्याचा पगार, भाडं, वीजबिल आणि बँकेचा हप्ता मिळून महिन्याचा खर्च 1 लाख 20 हजार आहे आणि खात्यात 3 लाख आहेत. विक्री शून्य झाली तर तो 75 दिवस टिकेल. 2020 मध्ये देवळं सुमारे आठ महिने बंद होती. येणी दुकानदारांकडे अडकली असतील तर हे 75 दिवसही कागदावरच. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असं 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो, पण दर्शनाला माणूसच नसेल तर दुकानदार तरी कुठून देणार!

त्यामुळे सगळं गिऱ्हाईक एकाच दारात उभं नसणं ही खरी सुरक्षा. देवळं बंद होती तेव्हाही घरातली पूजा चुकली नव्हती. गौरी-गणपती घरात बसले. किराणा दुकानातून किंवा कुरियरनं घरोघर जाणारा माल एकूण विक्रीत पाव हिस्सा असला, तरी वरचं गणित बदलतं.

मग विमा कशाला आहे, असं कुणी विचारेल. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठीची प्रमाणित पॉलिसी मिळते. आग, पूर, वादळ यांत मशीन किंवा माल गेला तर तिचा उपयोग होतो. पण माल जागच्या जागी सुखरूप आहे आणि फक्त विकला जात नाही, याची भरपाई अशा पॉलिसीत मिळत नाही.

सरकारी मदतीचीही एक मेख होती. मे 2020 मधल्या आपत्कालीन कर्ज हमी योजनेत, 29 फेब्रुवारी 2020 ला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या 20 टक्क्यांपर्यंत जादा कर्ज विनातारण मिळत होतं. म्हणजे ज्याचं बँकेत खातं होतं पण कर्ज नव्हतं, त्याला या हिशेबानं काहीच नाही! ‘मी कुणाचं देणं लागत नाही’ असं अभिमानानं सांगणारा उद्योजक इथे मागे पडला. छोटीशी कॅश क्रेडिट मर्यादा घेऊन ती नीट वापरत राहणं, हाही तयारीचाच भाग.

उरला प्रश्न माणसाचा. रंगाचं प्रमाण, व्यापाऱ्यांचे नंबर, कुणाकडे किती बाकी, हे सगळं एकट्या मालकाच्या डोक्यात असतं. तो आठ दिवस दवाखान्यात पडला तर? हे तपासायला खर्च लागत नाही. धंद्याच्या मंद दिवसांत एकदा मालकानं फोन घरी ठेवून गावाला जावं आणि मुलानं किंवा मुनिमानं एक ऑर्डर पूर्ण करून दाखवावी. माल भरला जातो, गाडीही मिळते. मग हळदवाल्याचे पैसे पाठवायची वेळ येते आणि लक्षात येतं, की बँकेचा ओटीपी घरी ठेवलेल्या त्या फोनवर गेलाय.