परात्मभाव, कुमारावस्थेतील
कुटुंब, समवयस्क, शाळा किंवा स्वतःचे जीवन यांच्याशी आपले नाते उरलेले नाही, अशी कुमारवयीन व्यक्तीची टिकून राहणारी भावना. सामान्यतः १० ते १९ वर्षे हा कुमारावस्थेचा काळ मानतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मेल्व्हिन सीमन यांनी १९५९ मध्ये परात्मभावाच्या पाच छटा वेगळ्या दाखविल्या : असमर्थता, अर्थशून्यता, प्रमाणकशून्यता, एकाकीपणा आणि स्वतःपासूनच आलेला दुरावा. घरातील मतभेद किंवा प्रासंगिक अबोला म्हणजे परात्मभाव नव्हे. वाद घालणारा मुलगा नाते टिकवूनच वाद घालीत असतो.

स्वत्वाची जडणघडण : ‘मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे या वयाचे प्रमुख मानसिक कार्य होय, असे एरिक एरिकसन (१९०२–९४) यांनी प्रतिपादिले. बालपणी घरातून घेतलेल्या कल्पना, स्वतःची कुवत आणि समाजातील उपलब्ध भूमिका यांचा मेळ बसला नाही, तर भूमिकासंभ्रम निर्माण होतो. जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये शोध आणि बांधिलकी या निकषांवर स्वत्वाच्या चार स्थिती मांडल्या. त्यांपैकी एकीत शोध न घेताच वडीलधाऱ्यांनी ठरविलेली ओळख स्वीकारलेली असते. अशा मुलांचे घरच्यांशी संबंध पुष्कळदा सलोख्याचे असतात. परंतु ठरविलेला मार्ग अपयशामुळे बंद झाल्यास त्यांच्यापाशी दुसरी ओळख उरत नाही.

कुटुंबाचे कार्य : स्वत्वाच्या शोधासाठी जिव्हाळा आणि स्वातंत्र्य या दोहोंची आवश्यकता असते. केवळ धाक असल्यास मूल मन झाकून ठेवते. केवळ मोकळीक असल्यास आपली कोणास पर्वा नाही, असे त्यास वाटते. घरातील बोलणे गुणांपुरतेच उरले, की गुण कमी पडताच नातेही तुटल्यासारखे भासते. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या दहावी फ (२००२) या चित्रपटात गुणांवरून पाडलेल्या तुकडीचा शिक्का मुलांच्या आत्मप्रतिमेवर कसा उमटतो, हे दाखविले आहे.

पुण्यातील संदर्भ : विद्येचे केंद्र असल्याने पुण्यात बाहेरगावचे विद्यार्थी पूर्वापार येत आले. एके काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. त्यात मिंधेपणा असला, तरी परगावी काही कुटुंबांशी संबंध राही. वसतिगृहांमुळे मिंधेपणा कमी झाला; पण तो संबंधही सुटला. भालचंद्र नेमाडे यांच्या कोसला (१९६३) या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून शिक्षणासाठी पुण्यास येतो. वडिलांच्या पैशावर जगत असता त्यांच्याविषयी वाटणारा दुरावा, शिक्षणातील अपयश आणि धाकट्या बहिणीचा मृत्यू यांतून तो एकाकी होत जातो. अखेरीस तो गावी परततो. मात्र घरी परतल्याने आपलेपण आपोआप परतत नाही, हे या कादंबरीतून प्रत्ययास येते.

उपाय : उपदेशापेक्षा ऐकून घेणे, निर्णयांत वयानुरूप वाटा देणे आणि अपयशानंतरही स्नेह अबाधित ठेवणे हे उपाय मूलभूत होत. झोप वा भूक दीर्घकाळ बिघडणे, आवडत्या गोष्टींतून मन उडणे, जीव नकोसा झाल्याचे बोलणे ही लक्षणे दिसल्यास मानसोपचारतज्ञाचे साहाय्य विनाविलंब घ्यावे. भांडणाऱ्या मुलाकडे घराचे लक्ष जाते. निमूट राहणाऱ्याची व्यथा मात्र पुष्कळदा शहाणपण समजून दुर्लक्षिली जाते.