तीन, पाच की दहा?

फॉर्म मोबाइलवरच भरायचा होता. नाव, वय, रक्तगट, टी-शर्टचे माप, घरच्यांचा फोन नंबर. सगळे रकाने पाच मिनिटांत भरून झाले आणि शेवटच्या रकान्यावर बोट अडले. 'अंतर निवडा : ३ किलोमीटर, ५ किलोमीटर, १० किलोमीटर.' त्या एका रकान्यापाशी आम्ही सहा जणी चार दिवस अडून बसलो.

आम्ही मंगरूळपीरच्या. गेले आठ महिने फजरच्या नमाजनंतर चालायला जातो. सुरुवात झाली ती आमच्यातल्या एकीच्या रक्तातल्या साखरेमुळे. डॉक्टरांनी तिला गोळ्यांबरोबर रोज चालायला सांगितले. एकटीने रस्त्यावर जायचा तिला संकोच वाटला, म्हणून शेजारीण सोबत गेली. मग तिची जाऊ, मग एक शिक्षिका, अशा आम्ही सहा झालो. वाशिमला दौड आहे ही बातमी आणली ती आमच्यातल्या एकीच्या लेकीने. ती पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना भरतीत ८०० मीटर धावावे लागते, मुलांना १६०० मीटर. त्यामुळे आमच्या चालण्याच्या रस्त्यावर पहाटे ही पोरे घड्याळ लावून पळत असतात आणि आम्ही त्यांना वाट देत कडेने चालतो.

"अम्मी, तुम्ही सगळ्या नाव द्या," ती म्हणाली. नाव द्यायला सगळ्या तयार होत्या. अंतर सांगायला कोणीच तयार नव्हते.

तीन किलोमीटरला शाळेची पोरे असतात. तिथे दहा वर्षांचा मुलगाही आपल्या पुढे निघून जाईल. दहा किलोमीटरला मोजकेच लोक, तेही कसलेले. तिथे आपण शेवटच्या येणार हे ठरलेलेच. मग पाच बरे, गर्दी असेल, कोणाच्या लक्षात येणार नाही. असा आमचा हिशेब चालला होता. शेवटी मोठ्या आपांनी विचारले, "तुम्ही धावायला निघालात की लपायला?"

त्या हसत म्हणाल्या, पण शब्द लागले. आम्ही अंतर आमच्या पायांकडे पाहून निवडतच नव्हतो. बघणाऱ्यांच्या डोळ्यांकडे पाहून निवडत होतो.

शेवटी येण्याची ही भीती आम्हालाच आहे असे नाही. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सौदी अरेबियाने पहिल्यांदाच महिला खेळाडू पाठवल्या. त्या दोघींपैकी सारा अत्तार ८०० मीटर धावली. डोक्यावर पांढरे आच्छादन, लांब बाह्यांचे जॅकेट, पाय झाकलेले. ८०० मीटर म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या. बाकीच्या धावपटू शर्यत संपवून उभ्या राहिल्या, तेव्हाही सारा धावतच होती. ती अर्ध्या मिनिटाहून अधिक मागे होती. जगभरचे कॅमेरे, खचाखच भरलेले मैदान आणि त्यात एकटी धावणारी मुलगी. लपायला जागाच नव्हती. प्रेक्षक उभे राहिले आणि ती रेषा ओलांडेपर्यंत टाळ्या वाजवत राहिले.

आम्हाला जास्त भावली ती त्यापुढची गोष्ट. चार वर्षांनी रिओ ऑलिम्पिकमध्ये सारा पुन्हा आली, पण ८०० मीटरसाठी नाही. तिने मॅरेथॉन निवडली, ४२.१९५ किलोमीटर. तिथे तिचा क्रमांक १३२ वा, म्हणजे शेवटाच्या अगदी जवळ. वेळ तीन तास सोळा मिनिटे. एकदा सगळ्या जगासमोर शेवटी आल्यावर तिने अंतर कमी केले नाही, कित्येक पटींनी वाढवले.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण बारामतीच्या लता भगवान करे यांचे. साठी ओलांडलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या लताताई नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून ज्येष्ठांच्या शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या. २०२० मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्या जिंकल्या म्हणून त्यांचे नाव आपल्याला कळले, हे खरे. पण सुरुवातीच्या रेषेवर उभे राहताना जिंकण्याची खात्री त्यांनाही नव्हती. लोक काय म्हणतील याचा विचार करायला त्यांना सवड नव्हती. घरात आजारी माणूस होता.

मग आम्हाला आपल्या घरातलीच, लहानपणापासून ऐकलेली एक गोष्ट आठवली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका प्रवासात हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली, तेव्हा हजरत आयशा (रजि.) पुढे निघून गेल्या. पुढे काही काळाने, त्यांचे अंग भरल्यावर, पुन्हा शर्यत झाली. या वेळी प्रेषित (स.) पुढे गेले आणि ही त्या शर्यतीची परतफेड आहे, असे त्यांनी म्हटले. काही रिवायतींत असेही येते की त्यांनी आधी सोबतच्या लोकांना पुढे जायला सांगितले होते. एकदा ही हरली, एकदा तो हरला, आणि दोन्ही वेळा घरात हसूच होते.

दुसरी गोष्ट सहीह बुखारीतली. प्रेषितांची अज्बा नावाची एक सांडणी होती. तिला कोणी मागे टाकू शकत नसे. एकदा एक खेडूत आपल्या जवान उंटावर आला आणि त्याने अज्बाला मागे टाकले. सोबत्यांना फार वाईट वाटले. त्यावर प्रेषितांनी त्यांना समजावले, त्याचा आशय असा की दुनियेत जे जे वर चढते त्याला अल्लाह कधी ना कधी खाली आणतोच. मागे पडणे ही काही नामुष्की नाही. ती दुनियेची रीतच आहे.

इतके बोलून झाल्यावर आम्ही मोबाइल बाजूला ठेवला आणि कागद-पेन्सिल घेतली. शिक्षिका म्हणाली, "भीतीचा हिशेब पुरे झाला, आता पायांचा करू." आमचा रोजचा रस्ता चार किलोमीटरचा, त्याला ४६ मिनिटे लागतात. म्हणजे एका किलोमीटरला साडेअकरा मिनिटे. या चालीने तीन किलोमीटरला साडेचौतीस मिनिटे, पाचला साडेसत्तावन्न आणि दहाला जवळपास दोन तास. आयोजकांनी ठरवलेली कमाल वेळ पाचसाठी ६० मिनिटे होती आणि दहासाठी ९०.

कागदावर उत्तर स्वच्छ दिसले. दहा किलोमीटर आमच्यासाठी नव्हते, पण ते शेवटी येण्याच्या भीतीने नव्हे, तर वेळेत बसत नव्हते म्हणून. पाचमध्ये अडीच मिनिटे हातात राहत होती आणि तयारीला सात आठवडे होते. चार जणींनी पाच निवडले. शिक्षिका आधीपासून पळते, तिला किलोमीटरला आठ मिनिटे लागतात, तिने दहा निवडले. आणि जिच्यामुळे हे सगळे सुरू झाले तिचा गुडघाही दुखतो. डॉक्टरांनी तिला तीनच सांगितले. तिने तीन लिहिले आणि त्यात तिला कमीपणा वाटला नाही. सफा आणि मरवाच्या सात फेऱ्यांचे अंतर साधारण तीन किलोमीटर भरते. हजरत हाजरा (अ.) तहानलेल्या लेकरासाठी पाण्याच्या शोधात तिथे धावल्या होत्या. आज लाखो हाजी त्या वाटेने जातात, कोणी चाकाच्या खुर्चीवरून जातो. तिथे पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे कोणी विचारत नाही.

तयारी साधी होती. आठवड्यातून तीन दिवस एक मिनिट हळू पळायचे, तीन मिनिटे चालायचे. पंधरा दिवसांनी एक मिनिट पळून दोन मिनिटे चालायचे. पळताना सोबतिणीशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे असे समजायचे. रविवारचे चालणे दर वेळी अर्धा किलोमीटर वाढवायचे. साखरेच्या गोळ्या घेणारीने खिशात गूळ किंवा ग्लुकोज ठेवायचे. पायघोळ बुरखा पावलात अडकतो, म्हणून गुडघ्याखाली येणारा सैल कुर्ता, सलवार आणि पिनांनी नीट बसवलेला हिजाब असा पोशाख ठरला. चपला सोडून बूट घेतले, ते मात्र दोन आठवडे आधी, म्हणजे त्या दिवशी पाय सोलायला नको.

दौडीच्या दिवशी थंडी होती. फजर वाशिमलाच अदा केली. आमच्यातल्या दोघी पहिल्याच किलोमीटरला मागे पडल्या. अर्ध्या वाटेवर त्यांनी वळून पाहिले तर मागे फक्त अ‍ॅम्ब्युलन्स होती. ज्याची चार दिवस भीती वाटली होती, ते झाले होते. चौथ्या किलोमीटरला पाण्याचे टेबल आवरायला घेतले होते. तिथल्या पोराने बांधलेला खोका पुन्हा उघडून दोन बाटल्या काढून दिल्या आणि म्हणाला, "काकू, घाई नका करू, वेळ आहे अजून."

लंडनमधून सुरू झालेल्या आणि अनेक देशांत पसरलेल्या 'पार्करन' या दर आठवड्याच्या पाच किलोमीटरच्या उपक्रमात एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांत मागे चालतो, म्हणजे येणाऱ्यांपैकी कोणालाही शेवटचे राहावे लागत नाही. आमच्याकडे अशी सोय नव्हती. पण शेवटच्या दोघी एकमेकींच्या सोबत होत्या. ५४ मिनिटांत त्यांनी रेषा ओलांडली. कमान उतरवायला सुरुवात झाली होती. टाळ्या वाजवायला आम्ही चौघी आणि भरतीवाली लेक, एवढेच होतो. तीन किलोमीटरवाली आधीच पोहोचली होती. तिच्या मागे तर बरेच जण होते.

घरी आल्यावर मोहल्ल्यात सगळ्यांनी विचारले, "किती धावलात?" आम्ही सांगितले, पाच, तीन, दहा. "अरे वा, माशाअल्लाह!" इतकेच. सासूबाईंनी विचारले, दुकानदाराने विचारले, पोरांच्या शाळेत विचारले. सगळ्यांनी अंतर विचारले. कितवा नंबर आला, हे एकानेही विचारले नाही.

भगिनींनो, आपल्या गावात अशी दौड असेल तर अंतर जरूर निवडा, पण ते स्वतःचे घड्याळ आणि डॉक्टरांचा सल्ला पाहून निवडा. कमी अंतराची लाज वाटू देऊ नका आणि मानासाठी जास्त घेऊ नका. थोडे असले तरी नेमाने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय आहे, असे प्रेषितांनी शिकवले आहे. दौड एका सकाळी संपते. आमचे चालणे दुसऱ्या दिवशी फजरनंतर पुन्हा सुरू झाले, आणि त्या दिवशी सहाच्या आठ जणी होत्या.