घोडा पागेत ठेवताना

चार दिवस परगावी जायचे असले म्हणजे आपण काय करतो? गाय शेजाऱ्याच्या दावणीला बांधतो. वैरण आपली, धार त्याची. यात लिहून ठेवण्यासारखे काही नसते, कारण गाय कशी सांभाळावी हे शेजाऱ्याला ठाऊक असते. घोड्याचे तसे नाही. मोटारी आणि ट्रॅक्टर आले तसा घोडा मागे पडला, आणि त्याच्याबरोबर मोतद्दार, चाबूकस्वार, नालबंद ही जाणती माणसेही कमी झाली. खरारा, तोबरा, चंदी हे शब्द पुष्कळ मुलांना आता समजावून सांगावे लागतात.

आता मोठ्या शहरांच्या आसपास पैसे घेऊन घोडे सांभाळणाऱ्या पागा आहेत. घोडा तुमचा, ठाण त्यांचे. तिथेच मुलांना घोड्यावर बसायलाही शिकवतात. ही कल्पना आपल्याला अगदीच नवी नव्हे. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा आणी, आणि बारगिराला तो सरकारी पागेतून मिळे. आजची पागा म्हणजे शिलेदाराचा घोडा आणि पागेचा मोतद्दार अशी जोडी आहे, असे म्हणा ना.

तर ही पागा पैसे घेते ते कशाचे? नुसत्या जागेचे नव्हे. ते समजायला आधी घोड्याचे पोट समजून घेतले पाहिजे.

गाय भराभर चरते आणि मग निवांत रवंथ करते. घोडा रवंथ करीत नाही. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर अगदी लहान, आठ ते पंधरा लिटरांचे. म्हणून मोकळा सोडला तर तो दिवसरात्र थोडे थोडे चरत राहतो. दुसरी अडचण अशी, की घोड्याला ओकता येत नाही. खाल्लेले बाधले तर ते वरून बाहेर पडायची सोयच नाही. यातूनच पोटशूळ उठतो, आणि त्याने चांगला धडधाकट घोडा एका रात्रीत दगावू शकतो. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बादलीभर चंदी पुढे ठेवली की झाले, असे समजणाऱ्याच्या हाती घोडा देऊ नये. चंदी थोडी थोडी, दोन-तीन वेळा. एका वेळेला दोन किलोच्या वर नको. खरे पोट भरायचे ते गवतावर. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाकाठी सहा ते आठ किलो वाळले गवत लागते. पाणी पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. खाण्यात बदल करायचा तो आठ-दहा दिवसांत, हळूहळू.

म्हणून चांगला मोतद्दार पहाटे पागेत शिरला की आधी घोड्याच्या तोंडाकडे पाहत नाही, खाली लिदीकडे पाहतो. नेहमीइतकी पडली आहे का? कोरडी आहे की पातळ? रात्रीची चंदी तशीच उरली आहे का? घोडा वळून वळून आपल्या कुशीकडे बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, पुन्हा पुन्हा लोळतो, ही पोटशूळाची लक्षणे. ती दिसली की खाणे काढून घ्यायचे आणि पशुवैद्याला बोलवायचे. घरगुती काढा पाजत बसायचे नाही. या एका नजरेचीच खरी किंमत आहे; बाकीची कामे कोणालाही शिकवता येतात.

बाकीची कामे थोडी आहेत असे मात्र नाही. खरारा करायचा, खूर रोज उचलून साफ करायचे. खुराच्या तळाला मऊ त्रिकोणी भाग असतो, तो ओल्या लिदीत राहिला की कुजतो आणि घाण वास मारतो. नालबंदाने सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून नाल बसवायचे. दातांकडेही बघावे लागते. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे दाढांच्या कडा धारदार होऊन गाल नि जीभ सोलते, आणि मालक म्हणतो, घोडा लगामाला अडतो! वर्षातून एकदा दात तपासून कडा कानसून घ्याव्यात. धनुर्वाताची लस टोचावी. नवा आलेला घोडा दोन-तीन आठवडे वेगळा बांधावा.

ठाण साधारण बारा फूट लांब, बारा फूट रुंद असावे. तुम्ही म्हणाल, घोडा तर उभ्याने झोपतो, मग इतकी जागा कशाला? तो उभ्याने डुलकी घेतो हे खरे. गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. शिवाय तो कळपाचा प्राणी. दुसरा घोडा नजरेस पडला नाही, रोज मोकळे फिरायला मिळाले नाही, तर लाकूड कुरतडणे, जागच्या जागी झुलणे अशा खोडी जडतात.

आता व्यवहाराचे बोलू. इंग्लंडात या व्यवस्थेला ‘लिव्हरी’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ वाटून दिलेला शिधा. चाकरांचे कपडे आणि घोड्याची चंदी दोन्ही त्यात येत. तिकडे याचे प्रकार ठरलेले आहेत. एकात सगळे काम पागेचे. दुसऱ्यात काम वाटून घेतलेले. तिसऱ्यात पागेची फक्त जागा, आणि मालकाने रोज दोनदा येऊन लीद काढण्यापासून सर्व करायचे. चौथा प्रकार आपल्याकडे शेळी वाट्याने देतात त्या जातीचा: मालकाचा घोडा शिकवणीला वापरायचा आणि त्या बदल्यात पागेने पैसे कमी घ्यायचे. तंट्याला जागा दुसऱ्या आणि चौथ्या प्रकारात. आज पाणी कोणी पाजायचे होते? दिवसातून किती तास घोडा शिकवणीला जुंपायचा? हे आधी कागदावर आणावे. त्याच कागदावर आणखी एक ओळ हवी: मालक सापडला नाही तर पशुवैद्याला कोणी बोलवायचे, आणि किती खर्चापर्यंत. पोटशूळात शस्त्रक्रियेची वेळ आली तर परवानगीची वाट बघण्यात गेलेले तास परत मिळत नाहीत.

भाड्याने किंवा शिकवणीला घोडे देणाऱ्यांसाठी तिकडे 1964 साली परवान्याचा कायदा झाला. इंग्लंडात त्याची जागा 2018 च्या नियमांनी घेतली. ते नियम भाड्याच्या घोड्यांना आहेत. नुसत्या सांभाळणुकीला नाहीत. तिथे मालकाचा डोळाच उपयोगी.

शिकवणीची सुरुवात घोड्याच्या पाठीवर होत नाही, जमिनीवर होते. घोड्याला थेट नाकासमोरचे आणि थेट शेपटामागचे दिसत नाही, म्हणून बोलत बोलत खांद्याच्या बाजूने जवळ जावे. मग खरारा, खोगीर, तंग. चढायचे डाव्या बाजूने. तलवार डाव्या कमरेला असे, त्या काळची ही सवय. पहिले धडे गोल फिरवून देतात: शिक्षक मध्ये लांब दोर धरून उभा, घोडा त्याच्याभोवती चालतो. कान, खांदा, कंबर नि टाच एका रेषेत आली की बैठक जमली. दुडकीला घोड्याच्या तालावर उठबस करावी लागते. पहिले काही दिवस मांड्या दुखणारच. डोक्याला पक्के शिरस्त्राण हवेच. आणि स्वार व खोगीर मिळून ओझे घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शावर जाऊ नये.

शिक्षकबंधूंनी एक नाव ध्यानात ठेवावे: डेन्मार्कच्या लिस हार्टेल. 1944 साली त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली पाय लुळे राहिले. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागे. तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अश्वचालनात रौप्यपदक मिळविले, 1956 साली पुन्हा मिळविले. चालत्या घोड्यावर बसलेल्याची कंबर जवळजवळ माणूस चालताना हलते तशीच हलते. म्हणून अपंग मुलांना घोड्यावर बसविण्याचे वर्ग पुष्कळ देशांत निघाले. आपल्या शाळेत असे मूल असेल तर जवळच्या पागेत चौकशी करा. पण आधी डॉक्टरांना विचारा, आणि मुलाच्या दोन्ही बाजूंना माणसे चालणार आहेत ना, हे बघा.

शाळेची सहल नेलीत तर मुले गाजर घेऊन येतीलच. आधी पागेवाल्यांना विचारावे. मग तळहात अगदी सपाट ठेवून गाजराचे लांब तुकडे पुढे करावेत. स्वतःच्या तोंडाखालचे घोड्याला दिसत नाही. तो ओठांनी चाचपून खातो, आणि बोटे वाकलेली असली तर त्याला गाजर कुठे संपले ते कळत नाही.